सोळा नंबरची कॉलर

ताईच्या ऑपरेशनच्या कागदाची मी कॉलर केली. सोळा नंबरची, पुरुषी शर्टाची, टोकं जरा लांब. कॉलर चांगली झाली होती हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही येणार नाही.

ताई शिवणकाम करते आणि मी तिच्या हाताखाली. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. दोन मशिनी, एक लांब टेबल आणि डोक्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. दोऱ्यांवर कागद टांगलेले: बाह्या, कफ, खिसे, फ्रॉकचे घेर. माप आधी कागदावर उतरवायचं, तो कापून कापडावर ठेवायचा, खडूने कड मारायची आणि काम झालं की दोरीला टांगायचा, ही ताईची पद्धत. पंखा लावला की खोली पोहायला लागते. दुपारच्या उन्हात त्या बाह्यांच्या सावल्या भिंतीवरून सरकतात तेव्हा वाटतं, अंग नसलेली माणसं कुठेतरी निघालीयेत आणि कोणालाच घाई नाहीये.

वर्तमानपत्राचा कागद लुळा पडतो. त्यामुळे ताठ कागद दिसला की माझी कात्री आपोआप चालते. दोन वर्षांपूर्वी कपाटाच्या तळाशी एक फाइल सापडली. आतले कागद जाड आणि एका बाजूने कोरे. दुसरी बाजूही बघायची असते, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

ताईला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल मागितली, तेव्हा ती फाइल दोरीवर झोके घेत होती.

ताईची पहिली मुलगी चार वर्षांची. तिला आम्ही बटण म्हणतो. ती सिझेरियनने झाली. या खेपेला ताईला नॉर्मल बाळंतपण करून बघायचं होतं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या नाहीत. चारात तिघींना जमतं, म्हणाल्या.

"पण मागच्या वेळी गर्भपिशवीवर छेद कसा घेतला होता ते मला कळलं पाहिजे. पोटावरचा व्रण आडवा आहे, म्हणून आतलाही आडवाच असेल असं नाही. आतला उभा, वरपर्यंत गेलेला असला, तर कळा येताना तो उसवायची भीती जास्त. मग मी प्रयत्नसुद्धा करू देणार नाही."

ताईने मान डोलावली. मग विचारलं, "शिवण एकेरी होती की दुहेरी, तेही लिहिलेलं असतं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही काय करता?"

"शिवते."

घरी आल्यावर ताईने तोंडात टाचण्या धरल्या आणि एका कोटाचं अस्तर बेतायला घेतलं. बेतता बेतता म्हणाली, "ती फाइल दे रे काढून."

"कुठली?"

"जांभळ्या नाडीची. कपाटात खाली."

मी वर बघितलं. मग तिनेही वर बघितलं. पंखा फिरत होता.

"मेल्या," ताई म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या म्हणून एवढ्यावरच निभावलं.

मी स्टुलावर चढलो आणि एकेक कागद खाली देत गेलो. ताई प्रत्येक कागद उलटून बघायची. नको असलेल्या बाह्या अंगाला लावून बटण खोलीभर फिरत होती. ताईचं नाव आणि वय फ्रॉकच्या बाहीवर सापडलं. खिशावर नोंदणीचा नंबर. एका कफावर 'बाळ पायाळू' एवढंच. पण आतल्या छेदाबद्दल एकाही कागदावर अक्षर नाही. ते पान मोठं होतं, आणि मोठ्या पानाचं मी काय केलं होतं ते मला लख्ख आठवलं.

"कॉलर," मी म्हटलं.

"मग दे की."

"ती वर्दीवालीकडे आहे."

वर्दीवाली दोन गल्ल्या पलीकडे ड्रायव्हरांचे आणि पहारेकऱ्यांचे शर्ट शिवते. माझी कॉलर तिला इतकी आवडली की तिने मागून नेली होती. मी धावत गेलो तर ती बाकासारख्या लांब टेबलावर निळ्या कापडाचे थर लावून बसलेली.

"ही का? हिच्यावर दोनशे शर्ट कापलेत मी. मागे काहीतरी खरडलंय, पण मला वाटलं तुझंच अक्षर. कोण वाचत बसतंय!"

म्हणजे गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या गळ्याभोवती ताईचं ऑपरेशन होतं तर. कॉलरच्या कडा खडूने निळ्या झाल्या होत्या. गळ्याच्या गोलाईत दोन ओळी गेल्या होत्या, पण मधली ओळ शाबूत होती: गर्भपिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद.

बाही, खिसा, कफ आणि कॉलर एका पुठ्ठ्यावर टाचून आम्ही दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठा आडवा धरला, उभा धरला.

"हे वाचायचं की घालायचं?"

तेवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, हे बरंच केलं. खिशावरचा नंबर जुन्या हॉस्पिटलला कळवून मूळ नोंद मागवली. आठवड्याने ती आली. छेद आडवाच होता. बाळ पायाळू होतं म्हणून तेव्हा सिझेरियन केलं होतं, आणि आताच्या बाळाचं डोकं वेळ येईल तेव्हा खाली असलं म्हणजे झालं, असं त्या म्हणाल्या. शिवण दुहेरी होती. ताईला त्याचाच आनंद जास्त.

आईला मात्र काही केल्या पटेना. ती फोनवर इतक्या मोठ्याने बोलते की फोन नसता तरी चाललं असतं.

"एकदा पोट फाडून झालंय ना, मग आता कशाला नसतं धाडस? तारीख घे, जा, मोकळी हो."

"आई, हट्ट नाही गं. डॉक्टरीणबाई ऑपरेशनला आत न्यायचं म्हणाल्या तर मुकाट्याने जाईन. फक्त या वेळी मला जागं राहायचंय."

खरी गोष्ट ही होती. मागच्या वेळी सगळं घाईत झालं. ताईला पूर्ण भूल दिली होती. तिने डोळे मिटले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. उघडले तेव्हा बटण दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात, पुसून, टोपी घालून, पाहुणी आल्यासारखी. पहिलं रडणं सगळ्यांनी ऐकलं. दाजींनी ऐकलं, आईने ऐकलं, दाराबाहेर उभं राहून मीही ऐकलं. ताईने तेवढं ऐकलं नाही.

"मधलं कापडच नाही रे," ती मला एकदा म्हणाली. "दोन कडा आहेत आणि मध्ये काही नाही."

सातव्या महिन्यापासून तिला एकच स्वप्न पडायचं. दुपारी मशीनवर डोकं टेकून पाच मिनिटं झोपायची आणि उठून सांगायची. लांबलचक पांढऱ्या कापडाचा तागा ती उलगडत चाललीय, बोळातून, जिन्यावरून, कोणाकोणाच्या खोल्यांमधून. कापड संपत नाही. पलीकडच्या टोकाला कोणीतरी रडतंय, पण आवाज कापडातून गाळून यावा तसा येतो. माणसं बाजूला होऊन वाट देतात. कोणी काही विचारत नाही.

"घाबरतेस का गं स्वप्नात?"

"नाही. फक्त हात दुखतात."

संध्याकाळी आम्ही चालायला जायचो, कारण डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं. गॅरेज, छापखाना, शाळेची भिंत, परत. नवव्या महिन्यात ताई नावेसारखी चालायची, रस्ताच तिच्याखालून हळूहळू वाहतोय असं वाटायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे ती नजरेने मोजायची. "याचा डावा अर्धा इंच खाली आहे," असं पुटपुटायची, आणि दिवे लागायच्या वेळी सगळं गाव अर्धवट शिवून झाल्यासारखं दिसायचं.

दाजी चष्म्याच्या दुकानात काम करतात. त्यांनी घर ते हॉस्पिटल हे अंतर तीनदा मोजलं: अकरा मिनिटं, रेल्वेचं फाटक बंद असलं तर सतरा. डॉक्टरीणबाईंचे नियम त्यांनी कागदावर लिहून मशीनसमोर चिकटवले. कळा सुरू झाल्या की लगेच यायचं. बाळाच्या ठोक्यांचं यंत्र सारखं लावलेलं राहील. ऑपरेशनची खोली तयार असेल. आणि दोन कळांच्या मध्येही दुखत राहिलं, किंवा काही वेगळं वाटलं, तर मनात ठेवायचं नाही, ताबडतोब सांगायचं. टाचण्या तोंडात धरून आयुष्य काढलेल्या बाईला हे शेवटचं कलम सगळ्यात जड गेलं. दाजी तिचा सराव घ्यायचे.

"ओरड."

"कशाला?"

"सराव."

"आं," ताई म्हणायची, शर्ट तयार आहे असं गिऱ्हाइकाला सांगावं इतक्या अदबीने.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, आठच्या सुमारास. ताईने चालू काज पूर्ण केलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "निघूया." बटणला शेजारच्या काकूंकडे सोडलं. फाटक उघडं होतं.

दाजी आत, मी बाहेरच्या बाकावर. दारातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता, कोणीतरी आत बारीक टाक्याची लांब शिवण घालत असावं तसा. ऐकता ऐकता सकाळ गेली. खिडकीतलं ऊन बाकावरून माझ्या गुडघ्यावर आलं आणि उतरलं. मी जागा होतो की नाही, सांगता येणार नाही. कागदी बाह्या बोळातून सरकताना मला दिसत होत्या.

मग टाके लांब पडायला लागले. आतल्या पावलांना घाई आली. समोरच्या ऑपरेशनच्या खोलीत दिवे लागले. डॉक्टरीणबाई दारात येऊन सिस्टरला काहीतरी सांगून गेल्या. दाजी बाहेर आले, चष्मा हातात.

"ठोके उतरलेत. कुशीवर वळवलंय. नाही सुधारले तर लगेच आत नेतील."

"ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, नेलंत तरी चालेल, पण झोपवू नका."

आम्ही दोघं दाराकडे बघत उभे राहिलो. शिवण थांबत थांबत चालली, आणि मग हळूहळू पुन्हा लयीत आली. दाजी चष्मा न घालताच आत पळाले. समोरचे दिवे बराच वेळ तसेच जळत होते.

तीन वाजून वीस मिनिटांनी बाळ झालं. नॉर्मल. मुलगी. ही वेळ मला ताईने सांगितली, नंतर सिस्टरला, मग आईला फोनवर, मग चादर बदलायला आलेल्या मावशींना.

"आधी खोकल्यासारखं केलं. मग थोडं थांबली. विचार करत असावी. मग जी रडली!"

ताई कागदासारखी पांढरी दिसत होती. रक्त बरंच गेलं होतं, आणि हाताला लावलेल्या नळीतून एका अनोळखी माणसाचं रक्त तिच्यात थेंब थेंब उतरत होतं. छातीवर बाळ होतं.

"आता जरा डोळे मिटा," सिस्टर म्हणाली.

"थांबा हो. आत्ताच तर उघडलेत."

निघताना सिस्टरने सांगितलं की रक्तपेढीतून एक बाटली घेतली आहे, तेवढी घरच्या कोणीतरी परत द्यायची. दाजींना मागच्याच महिन्यात कावीळ होऊन गेली होती, त्यांचं चालेना. वहीत माझं नाव लिहिलं गेलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. दिवसभर सुई माझ्या हातात असते, तोवर आमचं छान जमतं. तीच सुई माझ्या दिशेने यायला लागली की मी चपला शोधायला लागतो. तीनदा मी रक्तपेढीच्या दारापर्यंत जाऊन आलोय. तिथल्या बाई आता मला तोंडावरून ओळखतात.

"आज आत येताय," काल त्यांनी विचारलं, "की नुसतेच बघून जाताय?"

"आज शर्ट नवा आहे हो," मी म्हटलं. "उद्या येतो."