बाबा, त्यांचं नाक आणि सिंहगड

ऐन ऑक्टोबरात बाबांना सिंहगडावर न्यायचं म्हटल्यावर आईने मला वेड्यात काढलं. पाऊस सरून गवत फुलोऱ्यावर आलेलं, आणि बाबांना नेमकी त्याचीच ॲलर्जी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात असताना दर रविवारी गड चढणारा हा माणूस. निवृत्तीनंतर आम्ही वाघोलीला आलो आणि शिंका, चोंदलेलं नाक यांपायी तो बाल्कनीतसुद्धा बसेनासा झाला.

स्प्रे होता, पण बाबा तो मनाला येईल तेव्हा, थेट नाकाच्या मधल्या पडद्यावर मारायचे. डॉक्टरांनी नीट दाखवलं: मान किंचित खाली, टोक बाहेरच्या बाजूला, जोरात ओढायचं नाही, आणि रोज घ्यायचा. त्यानंतर कित्येक आठवडे मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कारखान्यात एवढी कडक हजेरी नव्हती," बाबा म्हणायचे.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच निघालो. तुम्हीही उजाडायच्या आत निघा, नगर रस्ता मोकळा मिळतो. गाडीच्या काचा बंद, बाबांना मास्क. खडकवासल्याच्या पुढे, घाटाआधीच्या वनखात्याच्या नाक्यावर गाडीचं 'उपद्रव शुल्क' भरलं. पावती वाचून बाबांनी विचारलं, "हे माझ्या शिंकांचं का?"

वर कड्याशी आलो. खाली दरी नव्हतीच, नुसते ढग. ऊन चढलं तसे ते विरत गेले, पाण्याची एक चकाकती कड उघडी पडली, मग अख्खं धरण. बाबांनी मास्क खाली ओढला. मी धास्तावून रुमाल काढून ठेवला. ते नुसते उभे होते, आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेणाऱ्या बाबांचा तो शांत चेहरा मी विसरूनच गेले होते. दरीकडे पाठ करून मी तोच बघत राहिले.

"गवताचा वास येतोय," ते हळूच म्हणाले. "किती वर्षांनी."

मग शिंका आल्याच. मास्क पुन्हा वर. पिठलं-भाकरी खायला चुलीच्या धुरापासून लांब बसलो. मडक्यातलं दही मात्र चुकवू नका.

घरी येताच बाबांनी कपडे बदलले, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतलं आणि आडवे झाले. ॲलर्जी गेलेली नाही, स्प्रे चालूच राहणार. थोड्या वेळाने आई खोलीत डोकावून आली. मग पुन्हा गेली.

"घोरत नाहीयेत गं," ती कुजबुजली. "बरे आहेत ना?"

आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. बाबांची छाती संथ वर-खाली होत होती. आईने खुर्ची ओढली आणि तिथेच बसून राहिली.