तिसरा दिवस की सहावा

ताईची मुलगी साडेतीन वर्षांची झाली, अजून "आई" म्हणत नाही. सालवडला ताईकडे गेले की मी तिच्या पाठीमागे हळूच ताटली आपटून बघते. कधी ती वळते, कधी नाही. वळली तरी माझं समाधान होत नाही. आवाज ऐकला, की फरशीचा हादरा कळला? हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाळंतपण आमच्याकडे, माहीमला झालं. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आणलं आणि रोज तेल-हळद चोळणं सुरू झालं. पुढे बाळाला कावीळ निघाली, पुन्हा दवाखान्यात नेऊन निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. "तिसऱ्याच दिवशी नेलं," असं आई सगळ्यांना सांगते. इतक्यांदा सांगते, की कधी कधी मलाही तसंच आठवतं. पण पाचवी पुजल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत, हे आमच्या घरात कोण मोडणार होतं?

गेल्या आठवड्यात मी आणि ताईने मुलीला पालघरच्या कानाच्या डॉक्टरबाईंकडे न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी आईने मला बजावलं, "तिसराच दिवस सांगायचा. नायतर तिची सासू म्हनेल, माहेरच्यांनी पोर बिघडवली."

"पण आई, बाईंना खरं कळायला हवं."

"तू कॉलेजात गेलीस म्हनून आता आमाला शिकव!"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. या वाक्यापुढे मी नेहमी गप्प होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कावीळ पुष्कळ बाळांना होते, बहुतेकांना पुढे काही होत नाही. पण फार वाढली असेल आणि उपचाराला उशीर झाला असेल, तर कानाच्या नसेला इजा होऊ शकते. कितव्या दिवशी नेलं होतं?"

"तिसऱ्या," ताई म्हणाली.

मी मध्येच म्हणाले, "सहाव्या. पाचवी झाल्यावर."

बाईंनी दोघींकडे पाहिलं. "मग हिला झोपवून नसेची तपासणी करावी लागेल. बाहेर वेळ ठरवून घ्या. त्याआधी मी काहीच सांगणार नाही."

बाहेर आल्यावर ताईने माझा दंड धरला. "मला सगळे तिसराच सांगत होते. मी तर तापात होते. तुला तेव्हाच कळलं होतं?"

"चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. डोळ्यांत कोण हळद लावतं? आईला एकदा म्हटलं. ती म्हणाली, हळदच आहे. मग... पुन्हा नाही म्हटलं."

ताईने दंड सोडला. मुलीला माझ्याकडे न देता तशीच कडेवर ठेवून तिने आईला फोन लावला.

"आई, सहावा दिवस होता ना?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. आई म्हणाली, "ती हाय ना तुज्या बाजूला?"

फोन बंद करून ताई तपासणीची वेळ घ्यायला खिडकीशी गेली. मी तिच्यामागे जावं की नको, ते मला कळेना.