व्याही आणि राहिलेली फायनल

आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस इंग्लंडातल्या अख्ख्या ब्रॅकनेलमध्ये नव्हता. नागपुरातही नसावा, कारण ते इकडे निघाले तेव्हा त्यांना पोचवायला सगळी आळी विमानतळावर आली होती म्हणे. सुनेचे वडील, म्हणून मी मान द्यायची, पण किती? सकाळी उठून मोज्यांचे गोळे करायचे आणि जिन्यावरून कपड्यांच्या टोपलीत टाकायचे. दुकानात नेलं तर लांबूनच ट्रॉलीत बटाटे. एकदा मला भर दुकानात ओरडावं लागलं, "अहो, खाली अंडी आहेत!"

हे वेड मूळ त्यांच्या वडिलांचं. बास्केटबॉल आपल्याकडे नवा नवा आला तेव्हा ते कॉलेजच्या टीममध्ये होते. शेणानं सारवलेलं मैदान, अनवाणी पोरं, आणि तेव्हाचा नियम असा, की बास्केट पडली की दर वेळी बॉल मध्यावर आणायचा, उंच उडवायचा आणि दोघांनी त्यावर उडी मारायची. एका सीझनला टीम फायनलला पोचली आणि गावात तापाची साथ आली. कॉलेज बंद झालं, फायनल राहिली ती राहिलीच. वडील म्हातारपणापर्यंत ती घरात बसून खेळत राहिले आणि व्याही ऐकत राहिले. नियमही तेव्हाचेच शिकले.

आता आमची नात सई इथल्या कॉलेजच्या टीममध्ये आहे. सेमीफायनलला तिनं बास्केट टाकली. समोरच्या मुलींनी रेषेबाहेरून बॉल आत घेऊन पळायला सुरुवात केली, तसे व्याही थेट मैदानात! "मध्यावर आणा! लबाडी आहे ही!"

सईनं तोंड लपवलं. "आजोबा, तो रूल कधीच गेला!"

"कोणाला विचारून गेला?"

पंचाला मराठी कळलं नाही, पण नाकासमोर नाचणारं बोट कळलं. पुन्हा असं झालं तर फायनलला दारातूनच परत पाठवीन, असं त्यानं बजावलं. सई जिंकली, पण व्याही त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "विहीणबाई, फायनलला मला तुम्ही आवरा. हीसुद्धा राहायला नको."

मी त्यांचा कोट मुठीत धरून बसले. बास्केट पडली की ते उठायचे, मी खाली ओढायची.

"मध्यावर..."

"बसा!"

"हळूच म्हणतो."

"मनात म्हणा!"

शेजारची गोरी बाई आम्हाला नवराबायको समजली असणार.

सईची टीम हरली. पोरी रडायला लागल्या. व्याही उठले, मी कोट सोडला, आणि ते टाळ्या वाजवत उभे राहिले, दोन्ही टीमसाठी, हॉल रिकामा होईपर्यंत.

"आजोबा, आपण हरलो," सई डोळे पुसत म्हणाली.

"हो गं बाळा. पण झाली ना!"



मागच्या आठवड्यात ते नागपूरला परत गेले. घर शांत झालंय. मला शांतताच आवडते, असं मी सुनेला रोज सांगते.