सोफ्यावरचं प्लास्टिक

"श्रीमंती डावीकडं ठेवली, गरिबी उजवीकडं. आता प्रेम कुठं ठेवायचं?"

हातात टेप घेऊन कुणी असं विचारत असेल, तर तो आमचा नेपथ्यकार समजावा. दिवसभर सिन्नरच्या कारखान्यात नोकरी करून ते संध्याकाळी नाशिकला आमच्या हौशी नाटकमंडळीत यायचे. आम्ही त्यांना नुसतं 'नेपथ्य' म्हणायचो. "नेपथ्य आलं का?" असं विचारावं, तर हॉलबाहेर त्यांची स्कूटर आणि तिला बांधलेली एक खिडकी उभी असायची.

गरिबाचं घर सोपं, असं त्यांचं म्हणणं. एक कॉट टाकली की भांडणाऱ्या नवराबायकोलाही शेजारीशेजारीच बसावं लागतं. प्रेमाची सोय आपोआप होते. श्रीमंताच्या घरात जागा इतकी, की त्यात प्रेम शोधायला माणूस लावावा लागतो. हे सगळं ते अत्यंत गंभीरपणे सांगायचे.

सामान बहुतेक त्यांच्याच घरून यायचं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सटाण्याकडच्या. एरवी आमच्याशी शहरी बोलायच्या, पण चिडल्या की अहिराणीवर यायच्या. आम्ही उशा, पडदे न्यायला गेलो की आमच्या वाट्याला बहुधा अहिराणीच यायची.

वर्षानुवर्षं मागे लागून वहिनींनी एकदाचा सोफा घेतला. दुकानातलं प्लास्टिक त्यावर तसंच ठेवलं आणि स्वतःसुद्धा त्यावर बसेनात. नेमकं तेव्हाच आम्ही स्पर्धेसाठी नाटक बसवत होतो: लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी आणि त्याच्याच ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर यांचं प्रेम. व्यापारी मी होतो आणि मला सोफा हवा होता.

वहिनींनी नेपथ्याला बजावलं, "प्लास्टिक काढायचं नाही. सोफ्याला काही झालं, तर तुम्हीही नाटकातच राहा. घरी येऊ नका."

नेपथ्यानं मान डोलावली आणि रंगमंचावर पोचताच प्लास्टिक काढलं. "प्लास्टिक दिसलं की लोकांना कळतं, सोफा जन्मात एकदाच घेतलाय," ते मला म्हणाले. "व्यापाऱ्याचा तसा नको."

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पहिल्या अंकात उघडा सोफा बघून त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी माझी दोन वाक्यं विसरलो. मध्यंतरात त्या थेट विंगेत शिरल्या, घडी करून ठेवलेलं प्लास्टिक शोधलं आणि सोफ्यावर घालू लागल्या. तेवढ्यात पडदा उघडला.

मी घाबरून व्यापाऱ्याच्या आवाजात म्हणालो, "बाई, राहू दे ते काम. आत जा."

"मी काय कामवाली शे का? हाऊ सोफा मना शे!"

प्रेक्षागृह हसून लोळायला लागलं. विंगेतून नेपथ्य धावत आलं. मला वाटलं, हे आता वहिनींना हाताला धरून आत नेणार. पण त्यांनी खाली वाकून प्लास्टिकचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते नीट ताणलं, कोपरे खोचले आणि दोघं आत गेली. आमच्या नायक-नायिकेला अख्ख्या नाटकात इतकं प्रेम जमलं नाही.

पुढचा अंक मी प्लास्टिकवर घसरत काढला. मुलीला घराबाहेर काढतानाही माझ्याखाली चर्र वाजलं. नेपथ्याचं बक्षीस आम्हालाच! परीक्षक म्हणाले, श्रीमंत घरात गुदमरलेलं प्रेम प्लास्टिकमधून फार सूचकपणे आलंय. बक्षीस घेताना नेपथ्य वहिनींकडे बघत होतं. त्या रात्री त्यांना घरात घेतलं गेलं.

मागच्या वर्षी ते गेले. फार चुकल्यासारखं होतं. नव्या नाटकासाठी पुन्हा सोफा लागला, तेव्हा कुणी विचारायला धजेना. शेवटी मीच गेलो.

वहिनींनी एवढंच विचारलं, "घर श्रीमंताचं का गरिबाचं?"

"श्रीमंताचं."

त्या उठल्या, कोपरे सोडवून प्लास्टिक स्वतःच काढलं आणि घडी घालायला एक टोक सवयीनं समोर धरलं. समोर कुणी नव्हतं. मी पटकन पुढं होऊन ते धरलं.

"ताणून धरा भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यांना बरोबर जमायचं."