तीन विक्रेते आणि विनोदिनीबाई

देवासच्या तेल कारखान्यात बावीस वर्षे साठ्याची नोंद ठेवणाऱ्या विनोदिनी मुजुमदारांना टाय लावून गोड बोलणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. नेमकी तशीच तीन माणसे त्या दिवशी समोर बसली होती. धारच्या गोदामाची आणि देवासच्या कारखान्याची माहिती क्लाउडवर आपोआप एकत्र करणारे सॉफ्टवेअर घ्यायचे होते. निवड बाईंनी करायची, आणि ती चुकली तर नोंदीचे काम त्यांच्याकडून काढून घेणार, असे मालकांनी बजावले होते.

बाईंनी तिघांनाही दोन्हीकडच्या साठ्याच्या सारख्याच दोन याद्या दिल्या. धारवाले तेल डब्यांत मोजतात आणि देवासवाले किलोत, हे मुद्दामच सांगितले नाही.

पहिल्याच्या सॉफ्टवेअरने डबे आणि किलो सरळ एका बेरजेत घातले आणि वर रंगीत आलेख काढला. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरनेही तेच केले, फक्त त्याचा आलेख गोल फिरत होता.

"काय सुंदर दिसतंय, काकू!" मालकांचा मुलगा अजेय म्हणाला.

"लग्नपत्रिकाही सुंदर दिसते रे!"

तिसऱ्याचे काम मध्येच थांबले. पडद्यावर प्रश्न आला : मापे वेगळी दिसतात, एका डब्यात किती किलो?

विक्रेता ओशाळला. "सॉरी मॅडम, एरर आ गया. ये सवाल बंद हो जाता है," म्हणत तो बटण शोधू लागला.

"हात काढा, भिया! तुमच्यापेक्षा त्याला जास्त अक्कल आहे."

बाईंनी 'पंधरा' लिहिले, बेरीज हाताने पडताळली आणि त्या विक्रेत्याच्याच खरेदीच्या कागदावर सही केली. आपले नेमके काय पसंत पडले, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.