भ्यालेल्या शिकाऱ्याचं पुस्तक

वेल्ह्याच्या बाजूला एका खेड्यात मी शाळामास्तर होतो, त्या दिवसांतली गोष्ट. ज्यांच्या घरात खोली घेऊन राहत होतो ते दादा चाळिशीचे, तालमीत घुमलेले. एका संध्याकाळी ओढ्याकाठच्या भाताच्या खाचरातून परतताना त्यांच्यासमोर बिबट्या आला. तिकडे त्याला वाघरू म्हणतात. दादा विळा आणि पटका तिथंच टाकून पळत घरी आले. यात काही गैर झालं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गुराख्यांना तो पटका सापडला आणि त्यांनी तो पाराच्या पिंपळाला बांधून ठेवला.

“दादा, वाघराला तुमचा पटका ढिला व्हतोय म्हनं,” जाणारा-येणारा म्हणायचा.

दादांनी ओढ्याकडे जाणंच सोडलं. भात पिकून आडवं झालं, त्यात रानडुकरं शिरू लागली. वहिनी एकट्या कापणीला जायच्या, आणि दादा ओसरीवर बसून त्यांच्या वाटेकडे बघत राहायचे.

पुस्तकानं माणूस बदलतो यावर माझा फारसा विश्वास नाही; पण माझ्यापाशी दुसरं औषध नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की मी कापूरहोळला गाडी बदलून भोरला घरी जात असे. तिथल्या वाचनालयात शिकारकथांचं एक कपाट होतं. भोर पडलं संस्थानी गाव. भिंतीवर वाघाचं मुंडकं असलेल्या बैठकी तेव्हाही होत्या, आणि मुंडक्याखाली बसून सांगितलेला वाघ दरवर्षी वीतभर वाढत असे. मी एक जाडजूड पुस्तक निवडलं. पहिल्याच पानावर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा राहिलेला लेखक. मिशा वाघापेक्षा मोठ्या.

रात्री जेवणाआधी दादांना वाचून दाखवायला लागलो. पानागणिक एक गोळी, गोळीगणिक एक वाघ. चौथ्या वाघाला दादा म्हणाले, “मास्तर, ह्यो मानूस कंदी भ्यालाच न्हाई?”

“पुस्तकात तरी नाही.”

ते उठून आत गेले. त्या रात्री जेवले नाहीत. चुकीचं औषध दिल्यावर वैद्याला काय वाटत असेल ते मला कळलं.

पुढच्या शनिवारी कपाटासमोर ठाण मांडून बसलो. ग्रंथपालांनी विचारलं, “काय शोधताय?”

“भ्यालेला शिकारी.”

“तो कशाला पुस्तक लिहील?” ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. त्या कपाटात भ्यायचे ते फक्त हाकारे घालणारे गावकरी. अखेर खालच्या फळीवर एक हडकुळं पुस्तक मिळालं. फोटो नाही, पुठ्ठाही नाही. मधलंच पान उघडून वाचलं आणि ते घेऊन आलो.

लेखक मचाणावर बसलेला असतो. बिबट्या खाली येतो, निवांत उभा राहतो, निघून जातो. गोळी सुटत नाही. सकाळी तो सोबत्यांना सांगतो की काडतूस दमट निघालं. आणि पुढच्याच ओळीत वाचकाला सांगतो की काडतूस कोरडं होतं, हात थरथरत होते.

ऐकून दादा म्हणाले, “तेवढंच परत वाचा.”

वाचलं.

“त्याच्या हातात बंदूक व्हती?”

“होती.”

“झाडावर बसल्याला?”

“चांगला उंच.”

“आन म्या खाली, इळा घिऊन!” दादा पहिल्यांदा हसले. आतून वहिनी म्हणाल्या, “हसताय काय? त्यो निदान बंदूक टाकून तरी आला न्हाई.” त्यावर ते आणखी हसले.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या आग्रहावरून मी ते पान पारावर वाचलं. कुणी लाजलं वगैरे नाही. “मंग त्या सायबाला बी एक पटका बांदा,” एवढंच एकजण म्हणाला. दादांनी उठून पिंपळाचा पटका सोडला, झटकला आणि डोक्याला गुंडाळला.

शनिवारी पुस्तक परत करायचं होतं. एसटीच्या फाट्याला ओढ्याची वाट जवळची. दादा नवा विळा घेऊन म्हणाले, “चला, खाचरापातूर येतो.” वाटभर ते फार मोठ्यानं बोलत होते. मी हळू उत्तर दिलं की म्हणायचे, “मोठ्यानं बोला, मास्तर. आपुन येतोय हे त्याला बी कळू द्या.”

खाचरात वहिनी वाकून कापत होत्या. दादा बांधावरून उतरले आणि त्यांच्या शेजारची ओळ धरली.

पुढचा ओढा मला एकट्याला ओलांडायचा होता. पुस्तक काखेत घट्ट धरलं आणि भर दुपारी एकोणतीसचा पाढा म्हणत निघालो. मोठ्यानं.