खेळातला वाचमन आणि आमचा परशुराम

लग्नाच्या मांडवात परशुराम खुर्चीवर टेकला की मागून कोणीतरी ओरडायचं, "परशुरामाक उशी हाडा रे!" म्हणजे उशी आणा, आणि मांडव हसायचा. परशुरामही हसायचा. आमच्या वाडीत माणसाला एकदा नाव पडलं की ते सातबाऱ्यावर चढतं, ते उतरवायला पुढची पिढी यावी लागते. हा माणूस ड्युटीवर झोपला आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोदाम लुटलं गेलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. झोपलेल्याच्या डोळ्यांदेखत कसं, हे कोणी विचारलं नाही.

आमची वाडी मालवणहून आत, भात आणि काजूची. परशुरामाच्या वाट्याला जमीन आली ती चार माणसांचं पोट भरेल इतकीही नव्हती, म्हणून तो तरुणपणीच गोव्यात एका कारखान्याच्या गोदामावर वाचमन म्हणून लागला. बांद्याला तिघांत एक खोली, तिथून रोज बसने सरहद्द ओलांडून ड्युटी, आणि पंधरवड्याने घरी. युनिफॉर्मला इस्त्री केल्याशिवाय तो खोलीबाहेर पडत नसे. हा त्याचा एकच शौक, आणि त्यावरूनही खोलीतले दोघे त्याला चिडवत.

झालं ते एका रविवारी दुपारी. कारखाना बंद, गेटवर परशुराम एकटा. गोदामाच्या मागे पत्रा वाजला. तो उठून बघायला गेला. एक मांजर कुंपणावरून उडी मारून पळालं. "काय नाय, मांजर," असं स्वतःशीच म्हणून तो जाग्यावर येऊन बसला. थोड्या वेळाने पुन्हा पत्रा वाजला, पुन्हा तो गेला, पुन्हा काही नाही. सोमवारी गोदाम उघडलं तर तांब्याच्या तारेची रिळं गायब.

सुपरवायझरने त्याला समोर उभं केलं आणि सरळ विचारलं, "एकतर तू झोपला होतास, नाहीतर तू त्यांना सामील होतास. यातलं काय ते सांग." परशुराम म्हणाला, मी जागा होतो. सुपरवायझर म्हणाला, मग सामील होतास, पोलिसांना बोलावतो. तिसरं काही असू शकतं हे त्या खोलीत कोणाच्या डोक्यात आलं नाही, परशुरामाच्याही नाही. घरी बायको, लहान मुलगी. तो म्हणाला, "झोप लागली होती, साहेब." नोकरी गेली, पण तुरुंग टळला.

वाडीत येऊन त्याने शेवंतीला, म्हणजे बायकोला, खरं सांगायला घेतलं. शेवंती मनाची चांगली. तिने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "दमलेलो माणूस, झोप लागतलीच," ती म्हणाली. "झाला ता झाला. मी काय बोललंय तुमका?" तिने त्याला मनापासून माफ केलं होतं. परशुरामला माफी नको होती. पण माफ करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

त्यात भर पडली राखणीची. भातकापणी उरकली की आमच्याकडे प्रत्येक घर राखणदार देवाला राखण देतं. कोंबडा, नारळ, आणि देवापुढे गाऱ्हाणं. हा राखणदार हातात काठी घेऊन शिवारात फिरतो अशी समजूत. त्याच्या राखणीतून काजू चोरीला गेले तर देव झोपला होता असं कोणी म्हणत नाही, ही एक मौजच आहे. त्या साली शेवंतीने वेगळा कोंबडा दिला आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या भिकाजीला सांगून ठेवलं. भिकाजीचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जातो.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक कामार आसताना झोप लागली, ती तेची चूक पोटात घाल आणि तेका सांभाळ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली. रीत आहे, गाऱ्हाण्याला हुंकार द्यावाच लागतो. परशुराम हात जोडून पुढे उभा होता, त्यालाही म्हणावं लागलं. माणसांसमोर बोललेलं फिरवता येतं. देवासमोर, वाडीच्या साक्षीने बोललेलं कसं फिरवणार? त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. काजूच्या दिवसांत वांदर हाकायला, कलमांवर नजर ठेवायला माणूस लागायचा तेव्हा लोक दुसऱ्यांना विचारत. ते त्याला लागायचं, आणि ते दिसायचंही.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग आला निलेश.

निलेश हा परशुरामचा पुतण्या. मालवणात पर्यटकांना बोटीतून फिरवतो. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की चार महिने घरी. या चार महिन्यांत तो जुने व्हिडिओ गेम खेळतो, त्यांवर मालवणीत बडबड करतो आणि ते इंटरनेटवर टाकतो. मुंबईतले आमचे चाकरमानी ते बघून हसतात, त्याला लाइक देतात. दोन पावसाळ्यांमागे त्याने एक पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ घेतला. नाव इंग्रजी आणि लांबलचक, वाडीत त्याला 'काळोखातलो खेळ' म्हणू लागले. त्यात तुम्ही चोर. लढायचं नाही, मारावं लागलं नाही तर उत्तम. सावलीतून सरकायचं, पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही, पहारेकऱ्यांना चुकवून आत जायचं आणि माल घेऊन बाहेर यायचं.

निलेशच्या सांगण्यावरून, हा खेळ आला तेव्हा जाणकारांनी तो डोक्यावर घेतला होता. काळोख काय, आवाज काय, असं कोणी केलंच नव्हतं म्हणे. सुरुवातीला खप बेताचा, कारण ज्यांना गोळ्या झाडायच्या होत्या त्यांना कोपऱ्यात बसून वाट बघणं म्हणजे शिक्षा वाटली. पुढे हळूहळू त्याला क्लासिक म्हणायला लागले. एकच तक्रार तेव्हापासून आजपर्यंत कायम राहिली: त्यातले वाचमन मूर्ख आहेत. तुम्ही खडा फेकता, वाचमन आवाजाच्या दिशेने जातो, बघतो, "काही नाही, उंदीर असेल" म्हणतो आणि जाग्यावर येतो. तोवर तुम्ही त्याच्या पाठीमागून आत. त्या एका वाक्यावर जगभरच्या पोरांनी विनोद केलेत. निलेशनेही केले. "बघा, वाचमन कसो खुळो!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

तो हे पडवीत बसून बोलत असताना परशुराम मागे कोयता पाजळत होता. त्याचा हात थांबला.

"खुळो नाय तो," परशुराम म्हणाला.

"काका, बाजूक चोर आसा आणि तेका दिसणा नाय!"

"तेका आवाज इलो. जावक नको? गेलो नाय तर चूक, गेलो तर गेट उघडा." मग कोयता खाली ठेवून म्हणाला, "परत दाखय."

निलेशने परत दाखवलं. परशुराम पुढे येऊन बसला. पुन्हा खडा, पुन्हा आवाज, पुन्हा तो बिचारा उठून गेला. परशुरामच्या डोळ्यांत पाणी आलं. चोर मांजर बरोबर घेऊन आला नव्हता, मांजर आपलं आपण पळालं असेल, पण पत्रा कोणीतरी वाजवला होता. झोपणं आणि सामील असणं यांच्यामध्ये एक वाट होती, आणि ती त्याच्या पाठीमागून गेली होती. इतक्या वर्षांनी ती त्याला एका पडद्यावर दिसली.

निलेशला हे सगळं भारी वाटलं. त्याने काकाला समोर बसवून बोलायला लावलं आणि ते इंटरनेटवर टाकलं. पुष्कळांनी बघितलं. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली, काहींनी लिहिलं, 'काका, खरं सांगा, डुलकी लागली होती ना?' वाडीत उशीचा विनोद नव्याने सुरू झाला. जगाने एका खेळाला क्लासिक ठरवायला काही वर्षं घेतली होती, परशुरामला झोपलेला ठरवायला जगाला एवढा वेळ लागला नाही.

शेवंतीने तो व्हिडिओ बघितला नाही. "आता कित्याक तो विषय?" एवढंच म्हणाली.

श्रावणात एका दुपारी ती पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. निलेश शेजारी खेळत होता. बराच वेळ ती ऐकून न ऐकल्यासारखी बसली. मग हात पदराला पुसून म्हणाली, "माका दी बघूया."

पहिल्यांदा ती पकडली गेली. दुसऱ्यांदाही. मग निलेशने तिला खडा कसा फेकायचा ते दाखवलं. तिने फेकला. वाचमन उठून गेला, बघून आला. शेवंती पुढे सरकलीच नाही, त्याच्याकडे बघत राहिली.

"काकी, जा मगे आत!"

तिने पुन्हा खडा फेकला. तो पुन्हा गेला.

"परत गेलो बघ," शेवंती म्हणाली. तिसऱ्या वेळी ती त्याच्या पाठीमागून, अगदी हाताच्या अंतरावरून आत गेली आणि आतून वळून बघितलं. वाचमन जाग्यावर येऊन गेटकडे तोंड करून उभा होता.

"निलेश, हेचे डोळे उघडे आसत रे."

"मगे? जागो आसा तो."

शेवंतीने यंत्र खाली ठेवलं. परशुराम खळ्याच्या कडेला उभा होता. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमका आवाज खंयसून इलेलो?"

आवाज कुठून आला होता, हे इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. परशुराम पडवीच्या पायरीवर बसला आणि त्याने तो रविवार पहिल्यापासून सांगितला. यावेळी तिने मध्ये तोंड घातलं नाही.

कापणी झाली, राखणीचा दिवस आला. शेवंती कोंबडा घेऊन आधी भिकाजीकडे गेली. भिकाजी ऐकेना. "माफी मागून झाली, देवान दिल्यान. गाराणा मागे घेवक येणा नाय."

"माफी चुकीची मागतत," शेवंती म्हणाली. "चूकच नव्हती. देवाक आपण खोटा सांगलंव, भिकाजीनू. तुमच्या तोंडान."

शेवटचे दोन शब्द भिकाजीला लागले. तो देवाला भितो.

राखणदारापुढे वाडी जमली. नेहमीचं गाऱ्हाणं झालं. मग भिकाजीने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! मागे ह्याच ठिकाणी तुका एक गोष्ट चुकीची सांगलेली आसा. हो तुझो परशुराम झोपलेलो नव्हतो. जागो होतो. जाग्या माणसाक चोरान फसवल्यान. तू सोता राखणदार, राखण काय ता तुका ठावक आसा, रे म्हाराजा!"

उशीवाले एकमेकांकडे बघत होते. बायका हुंकार देत नाहीत, पण पहिला आवाज शेवंतीचा आला. "व्हय म्हाराजा!" मग रीतच असल्यामुळे वाडीला म्हणावं लागलं, आणि वाडी म्हणाली.

परशुराम इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा होता. त्याचे हात जोडलेले होते.

शेवंतीने त्याला कोपराने ढोसलं. "म्हणा," ती म्हणाली. "ह्या खरा आसा."

मग तोही म्हणाला.